चौकशीवाले नसीरकाका

नसीरकाका चहाची बशी कपावर झाकण म्हणून ठेवत. चहा बशीत कधी ओतत नसत.

वाचनालयात शिरताना चपला बाहेर काढत आणि टाचा भिंतीला लावून ठेवत. कुणाच्या वाकड्या पडलेल्या असल्या तर त्याही सरळ करत.

खिशात बोटभर पेन्सिल असे. पेन नाही. तारखा बदलतात, म्हणत.

कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ते खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर एक बंद पडलेलं रसवंतिगृह होतं, दुसरं काही नाही. तरी बघत राहत.

फोनवर 'हॅलो' म्हणत नसत. 'बोला' म्हणत.

कुणी नाव सांगितलं की ते एकदा मोठ्यानं परत उच्चारत. मगच लिहून घेत.

आणि काहीही विचारलं तरी त्यांचे पहिले दोन शब्द ठरलेले असत. "थांबा, बघतो." उत्तर पाठ असलं तरी बघितल्याशिवाय देत नसत. घरी ताजुन्निसाकाकींनी मिठाची बरणी कुठे आहे विचारलं, तरी हेच.

राजेश्वरीनं या सवयी कधी मुद्दाम टिपून ठेवल्या नव्हत्या. आता त्या एकेक करून समोर येतात, आणि ती काही करू शकत नाही.

सोमाटणे फाट्याला, जुन्या हायवेच्या कडेला एका औषधांच्या दुकानाच्या वर वाचनालय आहे. दोन खोल्या, अकरा कपाटं, एक कॉम्प्युटर. राजेश्वरी तिथं ग्रंथपाल. मराठी साहित्यात एम. ए. केलं आणि तेविसाव्या वर्षी इथं आली. त्याला पाच वर्षं झाली. नसीर आतार पहिल्या आठवड्यातच भेटले. घोरावाडी स्टेशनजवळच्या घरातून रोज सकाळी दहाला चालत येत आणि पेपर वाचत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "या कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडते का? नुसती अक्षरं दिसतात ती?"

तिला माहीत नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, दोन बटणं दाबली. पडदा काळा झाला. एका कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकू लागली. काकांचा चेहरा जुना मित्र भेटल्यासारखा झाला.

एकतीस वर्षं ते पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीला होते. लोक एकशे सत्त्याण्णव फिरवायचे आणि विचारायचे, अमक्याचा नंबर काय? काका म्हणायचे, थांबा, बघतो. आधी जाड डिरेक्टऱ्या होत्या. मग असाच काळा पडदा आला. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि विचारणारं कुणी उरलं नाही. काका रिटायर झाले तेव्हा दिवसाला चार फोन येत होते. त्यातला एक माणूस नुसती वेळ विचारायचा.

"नंबर गेले," ते म्हणाले, "पण नावं आहेतच की."

काळ्या पडद्यावर ते एकच शब्द टाइप करायचे, हू-इज. कोण आहे? पुढे वेबसाइटचं नाव. मग एंटर. क्षणभर काही नाही. मग खालून वर ओळी धावायच्या. हे नाव कुणी घेतलं, कोणत्या एजंटाकडून घेतलं, कधी घेतलं, शेवटचा बदल कधी झाला, मुदत कधी संपते. वेळ ग्रीनिचची असायची. काका बोटांवर साडेपाच तास मिळवायचे.

"एवढंच?" राजेश्वरीनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"एवढंच. पण खरं."

हळूहळू लोक यायला लागले. लोणावळ्याला बंगला बुक करायचा म्हटलं की मोबाइलवर शंभर साइट दिसतात. कुठली खरी, कुठली बनावट, कळत नाही. औषधांच्या दुकानात कुणी तरी सांगायचं, वर जा, चौकशीवाल्याला दाखव.

एकदा हौशीराम आले. सोमाटण्याचेच, टेम्पोचा धंदा. मुलीच्या साखरपुड्याला लोणावळ्यात बंगला घ्यायचा होता.

"फोटो बघा, काका. पोहण्याचा तलाव. झोपाळा. पन्नास वर्षं जुना बंगला आहे, लिहिलंय."

काकांनी नाव मोठ्यानं म्हटलं. टाइप केलं. एंटर.

"बंगला पन्नास वर्षांचा," ते म्हणाले. "नाव अकरा दिवसांचं."

"म्हणजे चोर आहेत?"

"ते मी नाही म्हणत. नाव अकरा दिवसांचं आहे. एवढंच."

"अहो, पण तुमचं मत काय?"

"मत देत नाही. तारीख देतो."

हौशीराम खाली गेले आणि जिन्यावरून ओरडले, "तारीखच द्यायची तर कोर्टात का नाही गेलात नोकरीला?" साखरपुडा मात्र घराच्या गच्चीवर झाला. काकांना आणि राजेश्वरीला आमंत्रण होतं. मांडवात हौशीराम सगळ्यांना सांगत होते, हे नसते तर आज आपण लोणावळ्यात कुणाच्या तरी बंद फाटकासमोर पंगत मांडली असती.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अंबूबाई काशिद पहिल्यांदा आल्या. त्या इंदुरीच्या. त्यांचं जरबेराच्या फुलांचं पॉलिहाऊस आहे. जिना चढून दम लागलेला. हातात फुलांच्या खोक्याचा फाडलेला तुकडा. त्यावर छापलेलं नाव.

"ह्ये माझं नाव हाय म्हनं इंटरनेटवर. कोन चालवतंय त्येवडं बगा, भाऊ."

"थांबा, बघतो." काकांनी तुकडा घेतला. "अंबूबाईचा मळा. डॉट कॉम."

परक्या माणसाच्या तोंडून आपलं नाव ऐकून अंबूबाईंनी पदर सावरला. मग बसल्या आणि सांगू लागल्या.

मुलगा सोपान. सत्तावीस वर्षांचा. त्यानं फुलांसाठी वेबसाइट काढली, रस्त्याला बोर्ड लावला आणि दोन्हीला आईचं नाव दिलं. वडील भिमाजी. गावात आबा म्हणतात. त्यांना ते रुचलं नाही. जमीन बापाची, कष्ट बापाचे आणि नाव बाईचं? शब्दाला शब्द वाढला. आबांनी बोर्ड उपटला आणि फुलं बांधणाऱ्या बायकांसमोर मुलाच्या थोबाडीत मारली. सोपान त्याच दुपारी एक पिशवी घेऊन गेला. त्याला दहा महिने झाले होते. फोन बंद. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, आपल्या मर्जीनं गेलाय.

"बस, त्या रोजापास्नं काय बी कळलं न्हाई."

ओळी धावल्या. काकांनी वाचलं.

"वहिनी, मालकाचं नाव झाकलेलं आहे."

"झाकलंय म्हंजी?"

"त्यानं सांगून ठेवलंय, माझं नाव कुणाला देऊ नका."

"मलाबी?"

"कुणालाच."

काका पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण हे ऐका. नाव कायमचं मिळत नसतं. वर्षाच्या मुदतीनं मिळतं. सोपाननं ते गेल्या वर्षी चौदा डिसेंबरला घेतलेलं. वर्ष भरत आलं की पुन्हा मागावं लागतं. ज्याच्याकडे किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यालाच मागता येतं. आणि या अकरा तारखेला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते मागितलं गेलंय."

"किल्ली तर सोपानकडं."

"हो."

"सकाळी सा वाजता?"

"सहा दहा."

"पाटचा उटाय लागला म्हंजी!" अंबूबाई म्हणाल्या. "हितं आट वाजल्याबिगर डोळं उगडायचा न्हाई. मी पानी मारायची तोंडावर." त्या हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

काकांनी एक चिठ्ठी काढली. पेन्सिलीनं तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि खाली एक शब्द. 'आहे.' अंबूबाईंना वाचता येत नव्हतं. काकांनी बोट ठेवून दाखवलं, हा शब्द 'आहे'. त्यांनी चिठ्ठीची बारीक घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

खाली रस्त्यावर आबा मोटरसायकलला टेकून उभे होते. वर आले नाहीत. बायको बसल्यावर गाडी सुरू केली. काही विचारलं की नाही, ते राजेश्वरीला खिडकीतून कळलं नाही.

ती म्हणाली, "काका, मालकाच्या नावाच्या जागी एक लांबलचक ईमेल पत्ता आहे. खाली लिहिलंय, यावर लिहिलं तर मालकाला पोचेल. लिहू या की."

"नको."

"का?"

त्यांनी कपावर बशी ठेवली. "काही लोक नंबर डिरेक्टरीत देत नसत. तो आम्ही कुणाला सांगायचा नाही, असा नियम. एकदा एक बाप फोनवर रडला. मुलीचा नंबर द्या, म्हणाला. मी दिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो नंबर बंद. पुढे त्या बाईचं नाव कुठल्याच डिरेक्टरीत आलं नाही. मी दर वर्षी बघायचो."

तो विषय तिथंच संपला.

पुढची दोन वर्षं अंबूबाई पंधरा डिसेंबरला येत राहिल्या. एका वर्षी सोपाननं दोन तारखेलाच नाव मागून ठेवलं होतं. एका वर्षी थेट चौदाला, दुपारी बाराला, अगदी काठावर. राजेश्वरीनं शंका काढली, हे सगळं मशीन आपोआप करत असेल तर? काका म्हणाले, मशीन दर वर्षी एकाच वेळेला करेल. सहा दहा, मग रात्री नऊ, मग भर दुपारी, हे माणसाचं काम.

घरी अंबूबाईंकडे तीन चिठ्ठ्या जमल्या. तिन्हीवर 'आहे'.

मागच्या डिसेंबरात काकांच्या भाचीचं लग्न जुन्नरला निघालं. चौदा ते सतरा. जाताना ते राजेश्वरीला म्हणाले, "पंधराला त्या येतील. मी आल्यावर बघतो म्हणावं. सतराला."

"सांगते."

अंबूबाई आल्या. राजेश्वरीनं निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं." पण उठल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या. तासभर. कॉम्प्युटरकडे बघत होत्या, देवळाचं दार बंद असलं की माणूस दाराकडे बघतो तसं. खाली आबा गाडीला टेकून उभे होते.

राजेश्वरीनं काकांना शेकडो वेळा बघितलं होतं. एक शब्द, एक नाव, एंटर. त्यात काय? ती एम. ए. होती. आपल्याला वाचता येतं, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती.

तिनं टाइप केलं. ओळी आल्या. वरच लिहिलं होतं, मुदत संपण्याची तारीख चौदा डिसेंबर, पुढचं वर्ष. शेवटचा बदल, काल.

"मावशी, आहे!" ती म्हणाली. "कालच केलंय. पुढच्या वर्षापर्यंत आहे."

तिनं चिठ्ठीही लिहून दिली. पेननं.

अंबूबाईंनी तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि बोटं कानशिलावर मोडली. जिना उतरताना त्या वरूनच ओरडल्या, "अवो, हाय! हाय म्हनत्यात!" राजेश्वरीनं खिडकीतून पाहिलं. आबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

सतराला काका आले. तिनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि खुर्ची ओढली. "थांब, बघतो."

"बघितलंय मी, काका."

"हो. तरी."

एंटर. ओळी धावल्या. काका वरचा भाग वाचत थांबले नाहीत. खाली गेले. अजून खाली. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला.

"तू खाली गेली नाहीस," ते म्हणाले.

आवाज नेहमीचाच होता. म्हणून तिला जास्त भीती वाटली.

"ही नोंद दोन वह्यांत असते. वर दिसते ती मोठी वही, जगातल्या सगळ्या डॉट कॉमची. खाली दिसते ती एजंटाची, ज्याच्याकडून सोपाननं नाव घेतलं त्याची. मुदत संपली की मोठी वही आपणहून तारीख वर्षभर पुढे ढकलते. सगळ्यांचीच. मालकानं मागितलं नसलं तरी. मग एजंट वाट बघतो. या एजंटाकडे चाळीस दिवस. मालक आला तर नाव त्याचं. नाही आला तर मोठ्या वहीतूनही काढून टाकतात."

त्यांनी पडद्यावर खाली बोट ठेवलं. एजंटाच्या वहीत मुदत संपण्याची तारीख होती चौदा डिसेंबर. हेच वर्ष. तीन दिवसांपूर्वीची.

"म्हणजे त्यानं..."

"मागितलेलं नाही. अजून."

तिनं वेबसाइट उघडली. तिथं एकच फोटो असायचा, जरबेराची जुडी धरलेले अंबूबाईंचे दोन हात. आता फोटो नव्हता. भलत्याच जाहिराती होत्या.

"मी आत्ता जाऊन सांगते," राजेश्वरी म्हणाली. तिला रडू येत होतं.

"दोघं जाऊ. उद्या. चौकशीनं चुकीचा नंबर दिला तर चौकशीनंच परत फोन करायचा असतो."

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षानं इंदुरीला गेले. मळ्याच्या वाटेला वळल्यावर राजेश्वरीला बोर्ड दिसला. तोच, चार वर्षांपूर्वी उपटलेला. पत्र्याचा पोचा ठोकून काढलेला. हिरवा रंग ओला होता. भिमाजी आबा स्टुलावर बसून पांढऱ्या रंगानं अक्षरं गिरवत होते. विजारीवर पांढरे थेंब.

"या नसीरभाऊ! अक्षार जमलंय का बगा. ह्यो 'ळ' जरा मातलाय."

"चांगला आहे," काका म्हणाले.

"पोराचं अक्षार माज्यापरीस बरं हाय. त्यो आला की करंल नीट."

अंबूबाई चहा घेऊन आल्या. काकांनी कप घेतला, बशी वर झाकली आणि प्यायले नाहीत. आधी सांगितलं. सगळं. दोन वह्या, चाळीस दिवस, एजंटाची तारीख. एकही शब्द मऊ केला नाही, एकही कडक केला नाही.

आबांचा ब्रश हातात तसाच राहिला. पांढरा थेंब मातीत पडला.

"म्हंजी पोरानं न्हाई क्येलं."

"अजून नाही."

"चूक माझी आहे, आबा," राजेश्वरी म्हणाली. "मी नीट वाचलं नाही."

"तुजी कुटली गं? तू वाचलंस त्येवडं सांगितलंस." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "काढतो बोर्ड."

"हात लावू नगा," अंबूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मागं काडला तवाबी अशीच घाई क्येलती. चाळीस दिस हायेत न्हवं? ऱ्हाऊ द्या."

घरची कुत्री स्टुलाखाली येऊन बसली. पोट जमिनीला टेकत होतं. आठवड्याभरात विणार होती.

मग आबांनी विचारलं, काकांकडे न बघता, "त्याला सांगावा धाडता यील का?"

"थांबा, बघतो," काका म्हणाले. पण बघायला तिथं काही नव्हतं. ते बोर्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक पत्ता आहे. त्यावर निरोप ठेवता येईल. त्याला वाटलं तर वाचेल. नाही वाटलं तर नाही. तो कुठं आहे ते आपल्याला कळणार नाही. उत्तरासाठी मागे लागायचं नाही. चालेल?"

"चालंल. लिवा."

"काय लिहू?"

"तुमाला म्हाईत हाय काय लिवायचं."

"मला नाही माहीत, आबा. निरोप तुमचा. मी पोचवणारा. त्यात माझा शब्द घालत नाही."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सांगतो," म्हणाले. "उद्या सांगतो."

तेवीस जानेवारीला चाळीस दिवस भरत होते. काकांनी वाचनालयाच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं गोल केला. रोज सकाळी येऊन हू-इज करायचे, खालपर्यंत जायचे, बदल नसला की त्या दिवसाच्या चौकोनात बारीक टिंब द्यायचे. टिंबं वाढत गेली.

निरोप लिहायला त्यांनी एक फाइल उघडली होती. आबांचा फोन एक दिवसाआड यायचा. काका स्पीकर लावायचे, कारण त्यांना लिहायला दोन्ही हात लागायचे.

"बोला."

"नसीरभाऊ, लिवा... पॉलिहाऊसचा कागद फाटलावता. त्यो बदलला. नवा टाकलाय."

"लिहितो. आणि?"

"आन् कुत्री व्याली. चार पिल्लं. एक पांडरं हाय."

"लिहितो. आणि?"

पलीकडे नुसता वारा.

"उद्या सांगतो."

राजेश्वरीला राहवलं नाही. "काका, तुम्हीच लिहा ना. आबांना तो परत यायला हवाय, सगळ्यांना कळतंय. 'ये', एवढंच लिहायचं."

"एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं दुसऱ्यांना सांगितली. मधे माझा शब्द घातला नाही."

"पण दिवस चाललेत."

"हो, चाललेत," ते म्हणाले आणि त्या दिवसाचं टिंब दिलं.

"आहे तेवढाच पाठवून द्या मग. पिल्लांचा."

त्यांनी विचार केला. खरंच केला. मग म्हणाले, "निरोप दोनदा पाठवला की तो तगादा होतो. एकदाच जाईल. पुरा जाईल."

नवं वर्ष लागलं. पहिला आठवडा गेला. आबा एकदा स्वतः आले. खाली गाडीला टेकून अर्धा तास उभे राहिले. काका खिडकीशी गेले आणि नुसता हात वर केला. आबांनीही केला. मग गाडी सुरू केली आणि गेले.

तेरा जानेवारीला, भोगीच्या दिवशी, काकांनी सकाळी टिंब दिलं. मुदत संपल्यापासूनचा तो तिसावा दिवस होता. निघताना म्हणाले, "आबांचा फोन आला तर लिहून घे. त्यांचे शब्द आहेत तसे. सुधारू नकोस. तुला सुधारायची सवय आहे."

"नाही सुधारणार."

"खालपर्यंत वाचत जा."

दुपारी घरी जेवण झालं, नमाज झाली आणि ते खुर्चीत बसले. ताजुन्निसाकाकींनी स्वयंपाकघरातून विचारलं, सुई-दोऱ्याचा डबा कुठे ठेवलाय? काका म्हणाले, "थांब, बघतो." काकी थांबल्या. मग त्याच बाहेर आल्या. काका बसलेलेच होते. काकींनी दोनदा हाक मारली.

हे सगळं काकींनीच राजेश्वरीला सांगितलं, तिसऱ्या दिवशी, घोरावाडीच्या घरी. बायका बसल्या होत्या. साहित्य शिकताना मृत्यूवर तिनं पानंच्या पानं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. निघताना काकींनी तिच्या हातात बोटभर पेन्सिल ठेवली. "त्यांच्या खिशात होती. वाचनालयाची असेल."

वाचनालयाची नव्हती. तिनं घेतली.

परत येऊन तिनं कुलूप उघडलं. त्यांच्या चपलांची जागा भिंतीशी रिकामी होती. तिनं कॉम्प्युटर लावला, काळी खिडकी उघडली. हू-इज. नाव मोठ्यानं म्हटलं, मग टाइप केलं. खालपर्यंत गेली. बदल नव्हता. कॅलेंडरवर तिनं तीन दिवसांची तीन टिंबं दिली. सात चौकोन उरले.

जिन्यावर पावलं वाजली. एक नेहमीची, दम लागलेली. दुसरी जड, अनोळखी.

अंबूबाई आत आल्या. मागे आबा. ते पहिल्यांदाच वर येत होते. दाराशी थांबले, वाकले, चपला काढल्या. डोक्यावरची टोपी हातात घेतली.

"आज सकाळी कळलं," अंबूबाई म्हणाल्या. त्या बाकावर बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी.

आबा उभेच होते. "त्यांनी लिवलं हुतं काय?"

"हो."

"वाच."

फाइलचं नाव 'निरोप' होतं. राजेश्वरीनं ती आजवर उघडली नव्हती. दुसऱ्याच्या निरोपात डोकावायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. तिनं ती उघडली आणि सावकाश वाचू लागली.

"सोपान, मी नसीर आतार. चौकशीवाला. तू मला ओळखत नाहीस. हा निरोप तुझ्या घरचा आहे. वाचणं न वाचणं तुझ्या हातात. तू कुठे आहेस हे मला माहीत नाही आणि मी शोधणार नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

"तुझ्या नावाची मुदत चौदा डिसेंबरला संपली. तेवीस जानेवारीपर्यंत ते परत मागता येईल.

"पॉलिहाऊसचा कागद बदलला. नवा टाकला आहे. कुत्री व्याली. चार पिल्लं आहेत, एक पांढरं. बोर्ड पुन्हा लावला आहे, हे मी स्वतः पाहिलं. अक्षरं तुझ्या वडिलांनी रंगवली. आई बरी आहे, हेही पाहिलं.

"वडील म्हणतात, की"

ती थांबली.

"फुडं?" आबांनी विचारलं.

"पुढे नाही लिहिलेलं."

'की'च्या पुढे रेघ लुकलुकत होती. खाली रस्त्यावरून एक एसटी गेली. खिडकीची काच थरथरली आणि थांबली. अंबूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांनी हळूच खुर्ची ओढली, काकांची, आणि कडेला टेकले.

राजेश्वरीनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. ती खिडकीबाहेर बघू लागली, बंद रसवंतिगृहाकडे.

"बोला, आबा," ती म्हणाली.